टेविनला, शुक्रवारच्या आत

प्रिय टेविन,

आईकडे मिलवॉकीला नीट पोचला असशील, आणि तिनं खाऊ घालून घालून तुला लोळवलंही असेल. इथे नॉर्थ डकोटात मार्च संपत आला तरी अंगणातला बर्फ हलायचं नाव घेत नाही. आपल्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सीझन संपला, जिमला कुलूप लागलं आणि गावात आता काही म्हणजे काही नाही. कॅफेत मात्र एकच विषय, तू! त्या मोठ्या कॉलेजनं तुला त्यांच्या संघात बोलावलंय आणि शुक्रवारपर्यंत तुला हो की नाही कळवायचंय, हे आता गावभर झालंय. पोस्टातला म्हातारा म्हणतो, हल्लीची पोरं अशीच, जरा चमकली की चालली दुसरीकडे. मी म्हटलं, तुझी स्वतःची लेक राहिली का रे इथे? तेव्हा पत्रं चाळायला लागला. माझाही मुलगा, एरिक, ॲरिझोनाला जाऊन बसलाय, हे कुणी काढलं नाही, नशीब माझं.

तुला सांगते, तू माझ्याकडे यावंस हे मला आधी नकोच होतं. बाहेरगावच्या खेळाडूंना रविवारी जेवायला गावातलं एकेक घर नेमून द्यायचं ही इथली रीत, पण माझ्या नवऱ्याला, आर्नेला देवाघरी जाऊन तेव्हा जेमतेम एक उन्हाळा लोटला होता. दोन ताटं मांडायची सवय मोठ्या कष्टानं मोडली होती मी. तर कोच हॅल्वरसननं तुला थेट दारातच आणून उभा केला. दाराच्या चौकटीत न मावणारा मुलगा! मी सकाळपासून खपून ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश तू एक घास खाल्लंस आणि अगदी अदबीनं विचारलंस, "मिस लोर्ना, तिखट काही आहे का घरात?" असा राग आला होता म्हणतोस! पुढच्या रविवारी मी लाल सॉसची बाटली आणून ठेवली, ती काही तुझ्या प्रेमापोटी नव्हे, माझं अन्न वाया जाऊ नये म्हणून. असं मी तेव्हा तरी सगळ्यांना सांगत होते.

आणि तो जानेवारीतला सामना. आपली पहिली बास्केट होईपर्यंत जिममध्ये कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी उभं राहायचं, हे आर्नेच्या लहानपणापासून चालत आलंय. त्या दिवशी चेंडू काही केल्या आत जाईना. माझे गुडघे रडकुंडीला आले, पण बसेन कशी? तू माझ्याकडे पाहिलंस आणि अर्ध्या मैदानावरूनच चेंडू भिरकावलास. गेला आत! सगळे धपाधप बसले आणि कोचनं तुला बाहेर काढून तुझे कान उपटले. असा आततायीपणा का केलास, हे त्याला तू सांगितलं नाहीस. मलाही नाही. पण मला कळलं होतं रे मेल्या. घरी येऊन मी खूप रडले.

परवाच्या रविवारी भांडी पुसताना तू म्हणालास, "मिस लोर्ना, इथे मैदानात मला अडवणारंच कुणी नाही. मी खरंच किती चांगला आहे, ते मला बघायचंय. पण तुम्ही सांगा, मी काय करू?" मी नळ मोठा केला आणि म्हटलं, आधी तो ट्रे नीट पूस. तू तो पुसून जागेवर ठेवलास. तू गेल्यापासून घर असं खायला उठलंय की रेडिओ दिवसभर चालू ठेवते, ऐकत काहीच नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. काल कोच आला होता. बिचारा टोपी हातात धरून बसला. म्हणाला, "लोर्ना, तो तुमच्या शब्दाबाहेर नाही. 'राहा' म्हणून एक पत्र लिहा त्याला. तो गेला तर पुढच्या वर्षी आपलं काही खरं नाही." मी लगेच हो म्हटलं. का नाही म्हणणार? माझ्याच मनातलं बोलला तो. सकाळपासून तेच लिहायला बसलेय आणि ते काही लिहून होत नाहीये. तू जा, टेविन. तिथे तुझ्याहून उंच, तुझ्याहून चपळ पोरं असतील, त्यांच्याशी भिड आणि काय ते एकदाचं बघून घे. कोचची समजूत मी घालते. फक्त एक कर. शुक्रवारपर्यंत मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी 'राहा' म्हणेन, आणि तू राहशील.

तुझीच,
लोर्ना