होडीच्या फळीचा पापलेट

सिस्टर, आज सकाळी माझं तिसरं दुपटं वाया गेलं आणि त्याचं खापर मी तुमच्यावर फोडणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत, की उलट उत्तराची भीती नाही. रविवारी नातीचं बारसं आहे. तिच्या दुपट्यावर पणजोबांच्या हातचा पापलेट उमटायला हवा, एवढाच माझा हट्ट. रिटायर झालेल्या बायका भिशी लावतात, मी कापडावर ठसे मारते.

ठसा तोच, बाबांनी सातपाटीला जुन्या होडीच्या फळीतून कोरून दिलेला. क्राफ्टच्या तासाला मी तो टेबलक्लॉथवर मारला, तेव्हा माशाची कड उमटली, पोट कोरडंच राहिलं. तुम्ही ते कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून वर्गाला दाखवलंत. "लेझी हँड," म्हणालात, आणि फळा पुसायला ठेवून दिलंत. वर्षभर माझा पापलेट खडूची पूड खात होता. ते दोन शब्द मी जन्मभर वागवले, सिस्टर. ऑफिसात माझ्या टायपिंगमध्ये कुणाला चूक सापडली नाही, पण भरतकाम, रांगोळी, हाताचं कौतुक होईल अशा कशाच्याही वाटेला मी गेले नाही.

आणि आता पासष्टीनंतर पुन्हा तेच कोरडं पोट. जोर लावला, मनगट दुखलं, रंग दाट केला, पातळ केला. सून म्हणते, "आई, राहू द्या ना असंच. हँडमेड वाटतं." हँडमेड! म्हणजे बिघडलेल्या कामाला आता हे नाव आहे.

तेवढ्यात दारावर सातपाटीची मासेवाली आली. पाटी उतरवून तिने टेबलावरचा ठसा उचलला आणि सरळ नाकाला लावला.

"आवो बाय, ह्ये तर होडीचं लाकूड हाय! मुशीचं तेल पिऊन बसलंय. याला पान्याचा रंग कसा लागंल?"

"इतक्या वर्षांनी माशाचं तेल राहतं होय?"

"मंग? पानी आत शिरू नये म्हनून तर चोपडतात. एवढ्या शिकल्या तुमी, नाक कुटं ठेवलं?"

ती गेली. मी ठसा धुण्याच्या सोड्यात तीनदा उकळला. पाण्यावर पिवळा तवंग आला. दुपारी वाळवून चौथ्या दुपट्यावर मारला, तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत अख्खा पापलेट, एका दाबात. माझ्या हातात काही खोट नव्हती, सिस्टर. ठसा नुसता नाकाजवळ नेला असतात तरी तुम्हाला कळलं असतं. एका मासेवालीला कळतं ते तुम्हाला कळू नये?

हे सगळं तावातावाने लिहून झालं, आणि आता कागद फाडावासा वाटतोय. वर्गातल्या मुली मला वासावरून "बोंबील" म्हणायच्या. म्हणून त्या दिवशी शाळेत यायच्या आधी मी ठसा साबणाने घासला होता आणि त्यावर आईच्या डब्यातली निम्मी पावडर चोळली होती. तुम्ही तो नाकाला लावला असतात, तरी तुम्हाला गुलाबाचाच वास आला असता.