जैनबचे दोन टाके

अकोला, ४ नोव्हेंबर १९६३

आज माझ्या हातून एक पोरगी वाचली. लिहूनच ठेवते, बोलून दाखवलं तर म्हणतील नर्सबाईला फार चढलं.

जैनब, सात वर्षांची. बोहरी दुकानदाराची मुलगी. आई सकीनाबाई टांग्यातून घेऊन आली – चादर रक्तानं भिजलेली. म्हणाली, "खाटेवरून पडली." मी चादर बाजूला केली. खाटेवरून पडून असं लागत नाही. अगदी नाजूक जागी, ब्लेडनं कापलेलं. त्यांच्यात मुलगी सातची झाली की एक म्हातारी बाई हे करते, असं ऐकून होते. पाहिलं आज.

डॉक्टरसाहेब यायला अर्धा तास होता. मी थांबले नाही. दाबून धरलं, दोन टाके घातले. हात हलला नाही माझा! साहेबांनी पाहिलं. "कुठं शिकलात?" म्हटलं, अमरावतीला. माझ्या बाबांनी हे ऐकायला पाहिजे होतं. शाळेत दाराबाहेर बसवलं होतं त्यांना.

५ नोव्हेंबर

केसपेपरवरून वाजलं. साहेब म्हणाले, "पडून लागलं असं लिहा. त्यांच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडायचं?" मी लिहिलं – ब्लेडनं कापल्याची जखम. वाटलं, आता बदली होते. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

७ नोव्हेंबर

ताप नाही. पेज प्यायली.

९ नोव्हेंबर

सकीनाबाई शेवटी बोलली. "सासूनं नेलं तिले. माह्यंबी असंच केलं होतं. मले इचारते कोण?" धाकटी सुगरा, पाच वर्षांची, खाटेवर चढून बहिणीची वेणी घालत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि धसकाच बसला. दोन वर्षांनी हिचा नंबर. हिला वाचवायचंच.

तासभर समजावलं. गंजकं ब्लेड, वर चोळलेली राख, पू, धनुर्वात – सगळं सांगितलं. आमची हत्यारं कशी उकळतात ते स्टोव्हपाशी नेऊन दाखवलं. ती रडली. म्हणाली, "कसम खाते बाई, सुगराले त्या म्हातारीकडं नेणार नाही."

जिंकले मी. घरी आई म्हणाली, "काहून हासून राहिली व एकटीच?"

१३ नोव्हेंबर

जैनब घरी गेली. चालत.

२० नोव्हेंबर १९६५

सकीनाबाई आली. सुगराला नवा फ्रॉक, सोबत मिठाई. "शब्द पाळला बाई. म्हातारीकडं नेलं नाही. तुमचा हात साफ हाये, हिचं तुमीच करून द्या."

तेव्हा तासभर बोलले होते मी. ब्लेडबद्दल, राखेबद्दल. कापूच नका, हे एकदाही म्हटलं नव्हतं.

आज म्हटलं. ती गोंधळली. "मंग कोठं नेऊ हिले?"