गिरजाघरातली चिंच

२६ फेब्रुवारी १९५९, गुरुवार
कॅम्पातल्या जुन्या गिरजाघराच्या आवारात चिंच स्वस्त मिळते, असं शेजारच्या रूथबाई म्हणाल्या, म्हणून त्यांच्यासोबत गेले. वर्षाची बेगमी झाली. आतही डोकावले. लाकडी बाकं बसून बसून गुळगुळीत झालेली. मनात रामरक्षा चालू होती, पण खोटं कशाला लिहू, तिथं शांत वाटलं. भोवती साहेबांचे कौलारू बंगले, बहुतेक बंद. एका तबेल्यात आता पिठाची गिरणी.

घरी आले तर सासूबाईंनी टोपली ओसरीवरच अडवली. "तिथली चिंच कावून आणली? बाजारात भेटत नाई काय?" घरात येऊच दिली नाही. सोवळं तरी किती!

२७ फेब्रुवारी
चिंच रूथबाईंना देऊन टाकली. जीव हळहळला.

३ मार्च, मंगळवार
सासूबाई नेमाप्रमाणे अंबादेवीला. गुडघा सुजलाय, उजवा पाय ओढत गेल्या. टांगा करा म्हटलं तर, "पाय हायेत मले अजून."

५ मार्च, गुरुवार
गिरजाघरामागचं जुनं कबरस्तान रूथबाईंनी दाखवलं. मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं, दगड वाचत गेले. कुणी ॲलिस, सात महिन्यांची, १८७१ साल. कुठल्या मुलखातली तिची आई, अन् कुठे ठेवून गेली.

तिला निदान दगड तरी आहे. माझ्या लेकराची जागा मला ठाऊक नाही. आषाढात तीन वर्षं होतील. हे तेव्हा नोकरीच्या गावी, धारणीला; पुराने रस्ता बंद. मी दवाखान्यात, तापाने बेशुद्ध. शुद्धीवर आले तर कुशीत कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू ठिकाणी लावलं. आता इचारू नको." यांनाही तेवढंच सांगितलं. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात — हे कळतं. कुठे, ते नाही.

संध्याकाळी चुलीपुढे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "रडून काय भेटते? भाकर जळून राह्यली." ही बाई दगडाची आहे.

१२ मार्च, गुरुवार
आज एकटीच गेले, पुन्हा त्या ॲलिसपाशी. येताना पाहिलं — कुंपणाकडच्या चिंचेखाली वीतभर जागा शेणाने सारवलेली, वर दुधाचा वाळलेला ओघळ. या लोकांत हे कुठलं? म्हातारा माळी देवमन पाला झाडत होता, त्याला विचारलं.

"एक बुढी येते बाई, दर मंगळवारी. तीनेक वर्सं झाली. नातू आनला होता पदरात झाकून. नाल्याले पूर, मसनात जाता येइना. भर पावसात इथं फाटकाशी उभी. तवाच्या पादरीसायबानं जागा देल्ली, खड्डा म्या खंदला. या झाडाची चिंच कोनाले इकू नको म्हन्ते. आमी बी झोडत नाई. पाखरं खातात."

"कोण हो ती?"

"नाव नाई सांगत. उजवा पाय ओढते बिचारी."

तिथंच बसले. सारवलेल्या जागेवर हात ठेवला. किती वेळ, कोण जाणे. घरी यायला उशीर झाला.

१७ मार्च, मंगळवार
सासूबाई पदराखाली तांब्या घेऊन निघाल्या. म्हटलं, "मीही येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाल," म्हणाल्या.

चौकात आम्ही देवळाकडे वळलो नाही. फाटकाशी त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.