चौकट काळी नको

मी, ल्वान यूथोंग, वय सत्तावीस, व्यवसाय छायाचित्रण, राहणार कामगार वसाहत, इमारत अकरा, तिसरा मजला, त्येशी, शेनयांग, पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. न लिहिण्यासाठी आईचा आहे. "थू थू! सत्ताविसाव्या वर्षी कुणी असलं लिहितं का?" असे ती कालपासून तीनदा म्हणाली आणि तिन्ही वेळा तिने लाकडी टेबलावर टकटक केली.

मला आजार काही नाही, घोटा तेवढा मोडला आहे. समोरच्या उंच इमारतीच्या काचा पुसणाऱ्या माणसांचा फोटो काढताना मी आमच्या गच्चीवरच्या टाकीवरून घसरून खाली आले. कॅमेरा छातीशी धरला होता. खाली पोचेपर्यंत एकच विचार मनात आला: निगेटिव्हच्या पेट्यांचे काय होणार? एकदा भंगारवाल्याकडे मला निगेटिव्हची अख्खी गोणी सापडली होती. एका म्हाताऱ्या छायाचित्रकाराची, तो गेल्यावर घरच्यांनी किलोवर विकलेली. किती लग्ने, किती बारशी, आणि त्या माणसांना पत्ताही नाही. माझ्या पेट्यांत शेनयांगची साधी माणसे आहेत: बसथांब्यावर डुलक्या काढणारी, जिन्यात कोबी रचणारी, बर्फात पत्ते खेळणारी. ती गोणीत जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा कागद.

कलम एक. घर माझ्या नावावर नाही. बँकेत जे निघेल ते आईचे. माझी आई, फू गुइझेन, सार्वजनिक स्नानगृहात बायकांच्या पाठी घासून देते. माझी पदवी, आमच्या घराण्यातली पहिली, तिच्या मनगटांनी मिळवलेली आहे. अट एकच: आधी तिने स्वतःसाठी न घसरणारे बूट घ्यावेत. कोणाच्या लग्नाच्या पाकिटात हे पैसे घालू नयेत.

कलम दोन. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे माझे जुने मालक हू साहेब यांना मी त्यांचाच एक फोटो देते. त्यांनी मला दोन वर्षे प्रत्येक नवरीची हनुवटी टोकदार करायला लावली. या फोटोत त्यांची हनुवटी जशी आहे तशीच आहे. दोन आहेत.

कलम तीन. कोबी आंबवायच्या मडक्यावर ठेवायचा दगड आईला परत. फोटो सपाट करायला मी तो एका हिवाळ्यात नेला आणि त्या वर्षीचा कोबी आंबायच्या ऐवजी नासला. दगडाला अजून कोबीचा वास येतो, आणि त्या हिवाळ्यातल्या फोटोंनाही.

कलम चार. सर्व निगेटिव्ह मी ................ यांना देते.

ही जागा रिकामी का आहे, ते सांगणे भाग आहे. आमच्याकडे कोरडी जागा एकच, वडिलांचे पोलादी कपाट. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातांनी बनवले. पण मागच्या वर्षापासून वडील माझ्याशी थेट बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. मी शेजारी बसलेली असते आणि ते म्हणतात, "गुइझेन, तिला सांग, सूप गार होतंय."

चूक माझी होती. मागच्या वर्षी, हिवाळ्याचा कोबी भरून ठेवायच्या दिवसांत, मी आमच्या जिन्यात प्रदर्शन भरवले. वसाहतीतल्या माणसांचे मोठे फोटो, कृष्णधवल, सुरेख काळ्या चौकटींत. अशाने माणसाला प्रतिष्ठा येते, असे कॉलेजात शिकवले होते. जिवंत माणूस रंगीत आणि गेलेला काळ्या चौकटीत, हे आमच्या जिन्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. मलाही होते. शिकता शिकता विसरले.

पहिल्या मजल्यावरच्या गोंगमावशी ओरडल्या, "अगं ए, सकाळी दोन वाट्या लापशी चापली मी, आणि तू मला भिंतीवर पोचवलंस?"

सर्वांत मोठा फोटो वडिलांचा होता, त्याच्याखाली गोंगमावशींची पांढऱ्या शेवंतीची कुंडी, आणि पांढरी शेवंती आमच्याकडे मयताला वाहतात. फुशुनहून काका आले, त्यांनी ते पाहिले आणि कोबीच्या ढिगावर बसून "दादा! दादा रे!" असा टाहो फोडला. मागून वडील दोन्ही काखांत कोबी घेऊन आले आणि म्हणाले, "कोण गेलं?" पण तोवर काकांनी फोन केले होते. संध्याकाळपर्यंत मयताला पाठवतात ती कागदी फुलांची दोन चक्रे दारात आली.

"आपल्या घरात पदवीधर एकच," वडील आईला म्हणाले, "आणि तिनं जित्या बापाला भिंतीवर चढवलं." त्यानंतर त्यांनी माझ्या कॅमेऱ्याचे नाव काढलेले नाही. मी पेट्यांचे विचारलेले नाही. म्हणून जागा रिकामी.

कलम पाच. मृत्युपत्र नोंदवणाऱ्या कार्यालयाला माझा अलीकडचा फोटो हवा आहे. एवढ्या पेट्यांत माझा एकही नाही. हे आईने वडिलांना सांगितले, आणि ते सायकल घेऊन बाहेर पडले. तासाभराने परतले तेव्हा मिशीवर बर्फ होता आणि हातात फिल्मचा रोल.

"गुइझेन, तिला सांग, रंगीत आहे. दुकानदाराला म्हटलं, असेल त्यातला भडक दे."

"बाबा, मी इथेच आहे."

"तिला सांग, लाल स्वेटर घाल."

"अहो, मी काय टेलिफोन आहे?" आई म्हणाली.

रोल मी भरून दिला. वडिलांनी कॅमेरा लेथ सुरू करण्याआधी पाहावे तसा चारी बाजूंनी पाहिला आणि दोन बोटांनी फोकस फिरवला.

"तिला सांग, हनुवटी वर. दोन मिलिमीटर. हे तीन झाले."

मी हलले नाही. प्लास्टरचा पाय स्टुलावर, अंगात लाल स्वेटर, चेहरा ओळखपत्रातल्यासारखा.

वडिलांनी कॅमेरा खाली घेतला. "हस की! मेलीयेस का?"

ते मला म्हणाले, आईला नव्हे. मी हसले आणि त्यांनी बटण दाबले. मग कॅमेरा परत देताना म्हणाले, "वरचे दोन खण रिकामे केलेत. पेट्या ठेव तिथं. मडक्याजवळ नको, ओल लागेल."

कलम चारमधली रिकामी जागा आता अशी वाचावी: माझे वडील, ल्वान देशान, निवृत्त लेथ कामगार. फोटोतल्या कोणीही मागितल्यास त्यांनी त्याची निगेटिव्ह द्यावी. चौकट काळी सोडून कोणतीही चालेल.

कलम सहा. मी गेल्यावर भिंतीवर वडिलांनी काढलेला हाच फोटो लावावा. धुऊन आल्यावर दिसले, तो तिरका आहे आणि कोपऱ्यात त्यांचे बोट आले आहे. बोट कापू नये.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून गोंगमावशींना त्यांचा फोटो आजच, हिरव्या चौकटीत, हातोहात दिला आहे. "आता कशी जिवंत दिसते!" असे म्हणून त्यांनी सही केली.

साक्षीदार: गोंग शूलान, पहिला मजला
साक्षीदार: बियान रुईफंग, फिल्म धुण्याचे दुकान

लिहून ठेवणार: ल्वान यूथोंग
शेनयांग, २३ नोव्हेंबर २०२४

सोबत: रंगीत फोटो, एक. काढणार: ल्वान देशान.