अण्णांच्या अंघोळीचं पाणी

४ डिसेंबर २०११
आतल्या खोलीच्या छताचा मोठा पोपडा आज पलंगावर पडला. तिथेच रूपा बाळंतपणाला येणार, महिनाअखेर. जासईहून फोन आला, "आई, खोली तयार आहे ना?" हो म्हटलं. काय सांगणार, डोंबल.
वर कुंदाताईंकडे गेले. "आमचं नाही हो, तुमचीच भिंत ओल धरतेय." पाऊस जाऊन दोन महिने झाले आणि म्हणे ओल धरतेय.

७ डिसें.
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, आपापसात मिटवा. ह्याला निवडून कशाला दिला कोण जाणे.
रोज सकाळी दहाला ठिबकतं. कुं.ताई अण्णांना खुर्चीत बसवून अंघोळ घालतात ती वेळ. नवऱ्याची डावी बाजू गेलेली, वर्ष झालं, एकट्या करतात बिचाऱ्या. सगळं कळतं मला. पण माझ्या पोरीला गळक्या छताखाली निजवू?

११ डिसें.
पळस्प्याचा प्लंबर. वरच्या बाथरूममध्ये नीळ कालवून ओतली. आम्ही दोघी खाली, माना वर करून. बऱ्याच वेळाने निळा थेंब.
"ताय, पानी वरचाच हाय. फरशी फोडायला लागंल. आठ दिवस तरी बाथरूम बंद."
कुं.ताई म्हणाल्या, "फोडा. यांना कुठे नेऊ तेवढं सांगा."
माझं खरं ठरलं. जेवण गेलं नाही.

१५ डिसें.
आज जिन्यातच तोंड सोडलं. सोमवारी माणसं येणार, तुमचं तुम्ही बघा म्हटलं. हे म्हणाले, जरा हळू बोल. हळू बोलून छत सुकतं का?

१८ डिसें.
अण्णा पहाटे गेले.
पुरुषमंडळी त्यांना अंघोळ घालायला लागली तशी मी खाली आले. खोलीत धार लागलेली. हे दारात उभे. "अगं, हे पाणी..." मी बालदी ठेवली.
सगळे गेल्यावर फिनेल घालून फरशी पुसली. मग परत पुसली. लाज वाटली स्वतःची.

२७ डिसें.
रू. आली. पलंग स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. "आई, छताला निळं काय लागलंय?" म्हटलं, रंग द्यायचाय अजून. प्लंबरचे फोन, कधी येऊ. वर तेरावं व्हायचंय, कुठल्या तोंडाने सांगू.

२ जानेवारी
सकाळी दहाला परत ठिबक, अगदी पूर्वीसारखी. डोकंच फिरलं. एकट्या बाईला एवढं पाणी लागतं कशाला? तरातरा वर गेले. दार लोटलेलं होतं. कुं.ताई बाथरूममध्ये, हातात मग, अण्णांच्या रिकाम्या खुर्चीवर पाणी घालत होत्या. सावकाश.
मला बघून म्हणाल्या, "खुर्ची धुतेय हो. कुणाच्या उपयोगी पडली तर."
कालही दहालाच गळलं होतं. परवाही.
फोडायचं कधी, हे विचारायला तोंड उघडलं तर खालून रू.ची हाक, "आई, बालदी भरली गं..."