तंबूपुरती सपाट जमीन

२ मार्च, रविवार

यंदा तंबूत झोपायचं म्हणजे झोपायचं. निर्धार पक्का. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तंबू घेऊन चार वर्षं झाली. आजवर तो एकदाच उभा राहिला, आमच्याच हॉलमध्ये, कुठे फाटलाय का ते बघायला. डोंगरात चार वेळा गेलो आणि चारही वेळा गाडीत बसून रात्र काढली. यात माझा दोष शून्य. पहिल्या वर्षी उतार. दुसऱ्या वर्षी मुंग्या. तिसऱ्या वर्षी बरोब्बर डोक्यावर वाळकी फांदी. चौथ्या वर्षी जागा चांगली होती, पण पुढे याहून चांगली असणार असं मला आतून वाटत होतं. पुढे दलदल होती. आतला आवाजसुद्धा दगा देतो, तिथे इतरांचं काय बोलायचं.

या वर्षी मात्र प्रश्न गंभीर आहे. बायकोला झोप लागत नाही. वर्ष होत आलं. ती नर्स आहे, ड्युटी आज दिवसाची तर उद्या रात्रीची. मी घरातल्या तीन गाद्या बदलून पाहिल्या. फरक नाही. गाद्यांच्या शोरूममधला सीनियर सेल्समन मी, आणि माझीच बायको छताकडे बघत पडून राहते! बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. तिच्या डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहून या म्हणून सांगितलं. मी तिला शब्द दिला की झाडांखाली अशी सपाट जागा शोधतो की आठ तास कूस बदलणार नाहीस. ती म्हणाली, आठ राहू द्या, चार मिळाले तरी खूप. आणि यंदाही गाडीत झोपायची पाळी आली तर तंबू सरळ भावाला देऊन टाकीन. शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलते तेव्हा खरंच बोलते.

९ मार्च, रविवार

दुकानात एक जोडपं आलं होतं. बाई पहिल्याच गादीवर आडवी झाली आणि चक्क झोपली. नवरा मग उरलेल्या एकूण एक गाद्यांवर लोळला. मेमरी फोम, लॅटेक्स, स्प्रिंग, सगळ्या. दुपार खाल्ली माझी. मी तोंड फाटेस्तोवर माहिती दिली. शेवटी बाई उठली, दोघं म्हणाले, पुन्हा येतो. म्हणजे येत नाहीत. अठरा वर्षांचा अनुभव आहे.

या लोळणाऱ्या जमातीचा मला मनापासून तिटकारा आहे. घ्यायचं काही नसतं, नुसती पाठ टेकवत फिरायचं. मालकाने वर मलाच विचारलं की गिऱ्हाईक सुटलं कसं. मी चादरी सरळ केल्या.

१५ मार्च, शनिवार

एकट्याने डोंगरात जाऊन पाहणी. शास्त्रशुद्ध. माझी पद्धत दुकानातलीच: आधी पाठीवर, मग डावी कूस, मग उजवी. पायाने चाचपून जमीन कळत नाही, ती कमरेलाच कळते. बाकीचे लोक सुंदर देखावा दिसला की खुंट्या ठोकतात. रात्री देखावा दिसतो का?

पहिली जागा: मूत्रपिंडाखाली मुळी. बाद. दुसरी: बाजूला ओढा, पाण्याचा आवाज ऐकून सारखं उठावं लागणार. बाद. तिसरीला काही म्हणता काही दोष सापडेना. पण जेवायच्या आधीच इतकी चांगली जागा मिळते, म्हणजे जेवणानंतर केवढी चांगली मिळेल! पुढे गेलो. मिळाली नाही. परत आलो तर तिसरी जागा जागेवर नव्हती.

मध्येच एका वनरक्षकाने मला हलवून जिवंत आहात का विचारलं. डाव्या कुशीची चाचणी अर्धवट राहिली.

३० मार्च, रविवार

मेहुणा आला. दातांचा डॉक्टर आहे. लोक त्याच्याकडेही आडवे होतात, पण भीतीने. नवा तंबू दाखवायला आणला होता. पिशवीतून काढून नुसता फेकायचा, आपोआप उघडतो. आमच्या हॉलमध्ये फेकला. उघडला. लॅम्प फुटला. बायको आणि लेक टाळ्या वाजवत होत्या. माझ्या घरात, माझ्या लॅम्पवर.

वर सांगतो कसा, भाऊजी, तुमच्या त्या डोंगरातच एक कॅम्प ग्राउंड आहे, नंबर टाकलेले प्लॉट, नळ, टॉयलेट, बुकिंग केलं की झालं. मी म्हणालो, याला कॅम्पिंग म्हणत नाहीत, पार्किंग म्हणतात. तो म्हणाला, एक रात्र तर झोपायचंय! मी हसलो. एक रात्र तर झोपायचंय, म्हणे. हा माणूस लोकांचे दात कसे बसवत असेल?

१२ एप्रिल, शनिवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

लेकीचा फोन डायनिंग टेबलवर होता. वाजला. मी दुसऱ्याचे मेसेज वाचत नाही. सहज नजर गेली आणि मग वरपर्यंत गेली. ग्रुपचं नाव: ‘बाबांना सांगू नका’. सभासद: बायको, लेक, मेहुणा. आणि माझी आई! जिने मला जन्म दिला ती!

मे महिन्यातल्या ज्या शनिवारी आम्ही डोंगरात जाणार, त्याच शनिवारी मेहुण्याने प्लॉट बुक केलाय. ठरलंय असं की पाच वाजेपर्यंत बाबांनी जागा पक्की केली तर ठीक, नाहीतर मामा गाडी घेऊन येणार आणि सगळे तिकडे. आईने लिहिलं होतं, तो लहानपणी जेवायला बसतानाही पाट तीनदा हलवायचा. खाली लेकीने हसण्याचे चेहरे टाकले होते. मी मोजले नाहीत. बरेच होते.

ठरवलं: एक अक्षर बोलायचं नाही. जेवताना कडकडीत मौन पाळलं. बायको म्हणाली, आज घरात किती शांत वाटतंय.

२६ एप्रिल, शनिवार

फुगवायची डबल गादी आणली. आमच्याच दुकानातली, स्टाफ डिस्काउंटमध्ये. संध्याकाळी फुगवली. सकाळी पापड. आता विश्वास तरी कुणावर ठेवायचा?

निर्धार: पाचच्या आत जागा. चारलाच. त्यांचा प्लॉट त्यांच्याच गळ्यात मारतो.

३ मे, शनिवार, दुपारी साडेबारा

गाडी खाली लावून चढलो. दोन जागा झाल्या. मी आडवा व्हायच्या आधीच लेक म्हणाली, छान आहे, बाबा. बायको म्हणाली, छान आहे. इतक्या तत्परतेने? कट शिजतोय हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. पहिलीला उतार निघाला. दुसरीला काहीतरी होतं. नीट सांगता येणार नाही, पण होतं.

दुपारी तीन

तिसरी जागा. उंच झाडांखाली, वाळलेल्या पानांचा चांगला जाड थर. मी पाठीवर पडलो. बायको आपण होऊन शेजारी येऊन पडली, माझी बाही धरली आणि म्हणाली, अहो, इथेच राहू या. लेक दगडावर बसून सफरचंद खात होती. वारा होता. थोड्या वेळाने बघतो तर बायकोचे डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं.

पण उजव्या कुशीवर मला खांद्यापाशी एक उंचवटा लागला. छोटासा, बोराएवढा. आता पटकन हो म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्यात गादी परत आणतं, हे मी अठरा वर्षं बघतोय. तिचं भलं कशात आहे ते मला ठाऊक. तिला हलवून उठवलं. समजावून सांगितलं. तिने उठून पाठीवरची पानं झटकली. लेकीने अर्धं सफरचंद झाडीत भिरकावून दिलं, विनाकारण.

पाच वाजून दहा मिनिटं

गेल्या. मेहुणा मिनिटाचाही उशीर न करता रस्त्यावर हजर होता. दाताच्या वेळा पाळतो का कधी इतक्या? भांडण नाही, आवाज नाही. बायकोने तंबू माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, जागा मिळाली की या. टॉर्च ठेवला. ब्रेड ठेवला. उकडलेली अंडी ठेवली, सोलून. दगाबाज माणसं अशीच असतात, जाताना अंडी सोलून जातात.

माझं मन पार फाटलंय. पण आता कुणाची लुडबुड नाही. बघाच.

पावणेसात

सापडली!!

डोंगराला जवळजवळ वळसा घालून आलो. झुडपांच्या आत, टेबलासारखी सपाट. मुळी नाही, मुंगी नाही, वर फांदी नाही. पाठ, डावी, उजवी, सगळ्यांत पास. अठरा वर्षांत अशी गादीसुद्धा पाहिली नाही. तंबू उभा केला. आपोआप नाही, हाताने! उद्या सकाळी सगळ्यांना बोलावून दाखवणार आणि एकेकाचा चेहरा बघणार. आईला फोटो.

सव्वासात

झुडपांपलीकडून हसण्याचा आवाज आला. फांदी बाजूला केली. एक नळ. नळावर नंबर. पलीकडे मेहुण्याचा आपोआप उघडणारा तंबू. माझी जागा त्यांच्या टॉयलेटच्या मागे आहे.

बायको भावाला सांगत होती की दुपारी वर एका झाडाखाली तिचा डोळा लागला होता. किती महिन्यांनी, बरं वाटलं होतं. मला वाटलं, आता माझ्या तक्रारी सुरू होणार. पण विषय बदलून तिने सूप कुणाला हवंय ते विचारलं.

हाकेच्या अंतरावर होतो. हाक मारली नाही. ती त्यांनी मारायला हवी. टॉर्च बंद करून घेतला.

४ मे, रविवार

उत्कृष्ट जागा. पूर्ण सपाट. क्षणभरही डोळा लागला नाही. तंबू दोघांचा आहे. कितीही मध्यावर झोपलो तरी एक बाजू उरतेच. दुकानात मी प्रत्येकाला सांगतो की डबल गादी एकट्याने तपासू नका.

उजाडल्यावर पलीकडे गेलो. मेहुण्याच्या तंबूचं दार अर्धं उघडं होतं. सवयीने जमीन पाहिली. सरळसरळ उतार. बायकोचं डोकं खालच्या बाजूला, पाय वर, कमरेखाली मनगटाएवढी मुळी. आणि ती गाढ झोपलेली. तशी झोप मी फक्त आमच्या लग्नानंतरच्या दिवसांत पाहिली होती. तंबूबाहेर लेक बसली होती. तिने मला बघून ओठांवर बोट ठेवलं. मी काही बोलणारच नव्हतो.

नऊनंतर बायको उठली. जागा मिळाली का, विचारलं. परफेक्ट, मी म्हणालो. झोप लागली का? मस्त, मी म्हणालो. लांबून चालत आलो असंही सांगितलं. नंतर भांडी विसळताना लेक हळूच म्हणाली की काल संध्याकाळी टॉर्च विझताना तिने बघितला होता. आईला सांगितलं नाही म्हणे. यांचं आता माझ्याबरोबरही गुपित.

६ मे, मंगळवार

मार्चमधलं लोळणारं जोडपं परत आलं! आले आणि पहिलीच गादी घेतली. बाई ज्यावर झोपली होती ती. मी जरा टोचूनच नवऱ्याला विचारलं, मग त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांवर कशाला लोळलात, साहेब? बाई पैसे द्यायला काउंटरपाशी गेली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की तिला कित्येक दिवस झोप नव्हती. इथे अचानक लागली. उठवायचं जिवावर आलं. तुम्ही आम्हाला बाहेर काढू नये म्हणून मी एकेक गादी बघत बसलो. तुम्हाला फार त्रास दिला, माफ करा.

मी म्हणालो, त्रास कसला. घरपोच डिलिव्हरी फुकट करून दिली. ती तशी फुकटच असते.

घरी आलो. तंबू पिशवीत भरून दाराशी ठेवलेला, रविवारी मेहुणा नेणार. बायको युनिफॉर्ममध्येच सोफ्यावर कलंडली होती. तोंड जरासं उघडं. लेकीने टीव्हीचा आवाज बंद केलेला.

सोफा डावीकडे चांगलाच खचलाय. तिची मान वाकडी होतेय. सांगायला पुढे झालो, मग शेजारच्या खुर्चीवर बसून राहिलो. जेवण गार झालं. खुर्चीचाही एक पाय आखूड आहे.