दुसरी बाटली

१४ ऑक्टोबर, तेलगाव

आलो एकदाचा. फार्मसीचं कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून बापानं घर डोक्यावर घेतलंय, पण आज मला त्याचं काही नाही. फाट्यावरच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर नोकरी, राहायला गच्चीवरची खोली, आणि खाली स्वप्नाली. ती इथं सिस्टर आहे म्हणून मी आलो, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना कळलं असणार. मला बघून तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, इथं तरी कुणाच्या कानाखाली काढू नको बाबा. कॉलेज त्यापायीच सुटलं. तिच्याबद्दल वंगाळ बोलला होता एकजण.

१७ ऑक्टोबर

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्यात, दवाखाना गच्च. तापलेलं माणूस मुकादम गाडीत घेत नाही, म्हणून ज्याला त्याला सलाईनच पाहिजे. तापाच्या औषधाची ती छोटी बाटली. तापाच्या गोळीत असतं तेच तिच्यात. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की आधी वजन करायचं, घरून किती गोळ्या खाऊन आलाय ते विचारायचं, त्या पण हिशोबात धरायच्या. वाळक्या माणसाला पुरी बाटली न्हाई. हळू सोडायची, आणि दुसरी लावायची तर मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. जास्त झालं तर माणूस त्या दिवशी हसत घरी जातो, लिव्हर दोन-चार दिवसांनी बोलतं. लवकर कळलं तर त्यावर उतारा आहे, म्हणाले.

मी मान हलवत होतो. स्वप्नाली पलीकडं चादरी झटकत होती.

२१ ऑक्टोबर

डॉक्टर बीडला गेलते. दुपारी कडूबाई आली, चकलांब्याकडची, नवरा सिदू दंडाला धरून. काटकुळी बाई, अंगाची भट्टी, हातभर हिरव्या बांगड्या. स्वप्नालीनं वजन केलं, गोळ्या घेतल्या का विचारलं. बाई न्हाई म्हणाली. मापानं थोडंच औषध सोडलं, आणि मला बजावून गेली की आता हिला संध्याकाळशिवाय काही नाही. जाता जाता फोनवर हसत होती. गेवराईचं स्थळ. मुलगा बघून गेला म्हणे, मला आज कळतंय.

डोकं फिरलं. तेवढ्यात कडूबाई मागं लागली, अजून एक लाव की रं ल्येकरा, गाडी निघंल. मी दुसरी बाटली अडकवली. हळू सोडायला लागलो तर म्हणाली, पुरी सोड की रं, गाडी निघंल. सोडली.

ताप उतरला. हसत गेली बाई. म्हणाली, लई गार वाटलं.

तिची खाट झाडताना उशीखाली तापाच्या गोळ्यांची दोन पाकिटं सापडली. रिकामी.

स्वप्नालीला सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

दवाखान्याच्या फोनवर सिदू. कारखान्यावर पोचलेत, बायकोला उलट्या होतायत, डॉक्टरला विचारा म्हणाला. डॉक्टर शेजारच्या खोलीतच होते. मी म्हणालो पाणी बदललं असंल, ताक पाजा.

सांगितलं तर नोकरी जाईल. स्वप्नाली तोंड बघणार नाही. उद्या सांगतो.

२४ ऑक्टोबर

परत सिदूचा फोन. बायकोचे डोळे पिवळे झालेत म्हणाला. आता कुणालाच वळखत न्हाई म्हणाला. मला साहेब म्हणत होता. मी फोन ठेवला.

कडूबाई झोपली होती त्या खिडकीपाशीच्या खाटेवर आज तीन पेशंट झोपले, तिघं उठून गेले. गार लागतंय म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणतंय.

२५ ऑक्टोबर

फोन आला नाही. मीच लावावा का? लावला नाही.

दुपारी खाट मोकळी होती. बांगड्या वाजल्या. चादरीवर बसल्यासारखा खळगा. हात लावला — बर्फ.

स्वप्नाली म्हणाली, काय झालंय रे तुला, पांढरा पडलास.

२६ ऑक्टोबर

सिदूचा फोन स्वप्नालीनं घेतला. पहाटे गेली. बाई शेवटी एकच बडबडत होती म्हणे, बाटली बंद करा. स्वप्नाली रडतीय, माझंच माप चुकलं म्हणतीय. मी समोर उभा. तोंड उघडलं, आवाज —

२७ ऑक्टोबर

सणकून ताप. सकाळपासून गोळ्या खातोय, किती ते — ताप हटत नाही. खाली आणलं. दुसरी खाट मोकळी नाही. हीच —

स्वप्नालीनं विचारलं, घरी गोळ्या घेतल्यास का. न्हाई म्हणालो. मी न्हाई कावून म्हणालो? मला न्हाई म्हणायचं नव्हतं. तोंडातून बाईचा आवाज —

सुई टोचली. जीभ हलत नाही. उजवा हात चालतोय म्हणून लिहितोय. स्वप्नाली, तुझं माप बरोबर होतं. दुसरी मी लावली. हे वाच. वही समोर धरलीय, ती बघत नाही, थेंब मोजतीय. आता हाक आली, गेली ती बाहेर —

नळीचं चाक कुणीतरी सैल करतंय. स्वप्नाली बांगड्या घालत नाही. हिरव्या —

गार. लई गार. कानाशी म्हणतीय, पुरी सोडते रं ल्येकरा, गाडी